चौकटीतली मुले

नऊ ऑगस्ट आला की तेल्हाऱ्याच्या शाळांतून भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. वर्षभराची धूळ ओल्या फडक्याने पुसली जाते, टेबलावर पांढरी चादर अंथरली जाते आणि गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांच्या रांगेत शेवटी एक मिसरूडही न फुटलेला चेहरा मांडला जातो. हार सगळ्यांना सारखाच. तो चेहरा नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताचा. मी शिक्षक होतो तेव्हा अनेक वर्षे ही तसबीर पुसण्याचे काम मुलांकडून करून घेतले. आणि एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने फडके हातात तसेच धरून मला विचारले, "सर, हा पोरगा एवढासाच होता न? मंग मोठ्या माणसाईनं याले समोर काहून जाऊ देलं?"

मी शाळेत देतात तसे उत्तर दिले. म्हणालो, बेटा, तो कोणाच्या सांगण्यावरून गेला नाही, देशासाठी आपणहून गेला. ती "हो सर" म्हणाली. परंतु "हो सर" दोन प्रकारचे असते, हे खडू हातात धरून आयुष्य घालवलेल्या माणसाला कळते. हे दुसऱ्या प्रकारचे होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आजही पुरते नाही. पण तो प्रश्न मी इतकी वर्षे सोबत वागवला आहे, आणि आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी त्याचे फार जवळचे नाते आहे असे मला वाटते, म्हणून रविवारच्या या पानावर तो मांडतो.

आधी हकिकत. ९ ऑगस्ट १९४२ ला 'भारत छोडो'ची हाक देशभर पोचली, नेते तुरुंगात गेले. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारमध्ये मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमारच्या हातात तिरंगा होता. पोलिसांनी अडवले, मिरवणूक थांबली नाही, गोळीबार झाला. पोलिसाने मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली तेव्हा हा मुलगा पुढे झाला, असे सांगतात. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशीधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही त्या दिवशी गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. नंदुरबारात त्यांचे स्मारक आहे. बाकीच्या चौघांची तसबीर मात्र आमच्याकडच्या शाळांत मी कुठे पाहिली नाही.

त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. कॅथलिक वाचकांच्या ध्यानात लगेच येईल की २८ डिसेंबर हा आपल्याकडे निरपराध बालकांचा सण आहे. हेरोद राजाने बेथलेहेमच्या परिसरातली दोन वर्षांच्या आतली मुले मारून टाकली, त्यांचा स्मरणदिन. हा योगायोगच, त्यातून मी कोणताही गूढ अर्थ काढत नाही. पण एकदा ही गोष्ट कळल्यावर त्या तसबिरीकडे पाहताना मला बेथलेहेम आठवल्यावाचून राहिले नाही.

आता तसबिरीविषयी थोडे. आपल्याकडे माणूस चौकटीत कधी जातो? देव चौकटीत असतात. आपल्या ख्रिस्ती घरांत प्रभू येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, तिच्याखाली लाल दिवा. लग्नाचा जोडीने काढलेला फोटो असतो. आणि गेलेली माणसे असतात. बाजारातला फ्रेमवाला एकट्या माणसाचा फोटो हातात घेतला की हळूच विचारतो, "हार पाडायचा का?" म्हणजे माणूस गेला आहे का. वऱ्हाडात जिवंत माणसाच्या एकट्या फोटोला हार घालायला आजही बायका धजत नाहीत. म्हणजे चौकट आपल्यासाठी दोनच गोष्टी सांगते, एक तर याला नमस्कार करा, नाहीतर हा आता नाही. लहान मूल चौकटीत गेले की दोन्ही एकदम घडते. आणि नमस्कार करताना डोके खाली जाते, त्यामुळे समोरचा चेहरा दिसत नाही.

त्या मुलीने नमस्कार केला नव्हता. तिच्या हातात पुसायचे फडके होते. म्हणून तिला चेहरा दिसला.

पंधरा वर्षांचा मुलगा आपणहून काही निवडू शकतो का? आपली ख्रिस्तसभा म्हणते, होय. संत होसे सांचेझ देल रिओ हा मेक्सिकोतला मुलगा १९२८ साली, पंधरावे वर्ष पुरे व्हायच्या आधी मारला गेला. तिथल्या सरकारने ख्रिस्तसभेवर निर्बंध लादले होते आणि 'क्रिस्तेरो' म्हणवणारे लोक शस्त्र घेऊन उठले होते. होसे त्यांच्यात निशाण धरायला गेला. पकडला गेल्यावर त्याच्या तळपायांची कातडी सोलून त्याला दफनभूमीपर्यंत चालवत नेले. श्रद्धा सोड, सुटशील, असे सांगितले. त्याने सोडली नाही. पोप फ्रान्सिस यांनी १६ ऑक्टोबर २०१६ ला त्याला संत म्हणून घोषित केले. त्याचाही एक फोटो आहे, शांत नजरेचा, आणि तोही आता देशोदेशी चौकटीत आहे.

इथे एक बारीक फरक ध्यानात घ्यावा. ख्रिस्तसभेने होसेला संत केले ते तो लढाईत गेला म्हणून नव्हे. बंदिवान झाल्यावर, हातात काही नसताना, त्याने प्रभूला नाकारले नाही म्हणून. मुलाचे धैर्य खरे मानले. पण म्हणून त्याला त्या जागी नेणारी सगळी मोठी माणसे, दोन्ही बाजूंची, निर्दोष ठरली असा त्याचा अर्थ होत नाही. बेथलेहेमच्या बालकांचे तर त्याहून उघड आहे. त्यांना बोलताही येत नव्हते. त्यांनी काही निवडले नाही. तरी ख्रिस्तसभा शेकडो वर्षे त्यांना हुतात्मे म्हणते. परंतु त्यांच्या सणाला हेरोदाचा दोष एक तिळानेही कमी होत नाही. शुभवर्तमान मुलांचा महिमा गाऊन थांबत नाही. मत्तय तिथे रडणाऱ्या आईला उभे करतो, आणि तिचे सांत्वन होऊ शकत नाही असे स्पष्ट लिहितो.

त्या सातवीतल्या मुलीला माझ्या उत्तरात हेच सापडले नाही. मी तिला महिमा सांगितला. तिने विचारले होते मोठ्यांबद्दल. तसबीर आपण मुलाला मान देण्यासाठी लावतो खरे, पण ती लावली की मोठ्यांना विचारायचा प्रश्न काचेमागे बंद होतो. गोळी झाडणाऱ्या राजवटीला तो प्रश्न होताच. पण सगळे नेते तुरुंगात असताना मुले पुढे का होती, हा आपल्या बाजूच्या वडीलधाऱ्यांनाही प्रश्न आहे. तो विचारला म्हणून शिरीषकुमार लहान होत नाही. उलट, मला वाटते, तो थोडा जिवंत होतो.

९ ऑगस्टची आणखी एक आठवण आहे. १९४५ च्या त्याच तारखेला सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. नागासाकीचा उराकामी भाग म्हणजे जपानमधल्या कॅथलिकांचे घर. तिथल्या धर्मग्रामात बारा हजारांच्या आसपास श्रद्धावंत होते, त्यांतले सुमारे साडेआठ हजार गेले. कॅथीड्रलमध्ये त्या वेळी पापनिवेदनाला बसलेले लोक होते. काही आठवड्यांनी जो ओ'डॉनेल नावाचा अमेरिकन नौसैनिक छायाचित्रकार तिथे पोचला. त्याने एक फोटो काढला. दहा-एक वर्षांचा मुलगा ताठ उभा आहे, अनवाणी, आणि पाठीशी बांधलेले धाकटे भावंड मान टाकून झोपल्यासारखे. ते झोपलेले नाही. मुलगा त्याला दहन करायच्या जागी घेऊन आला आहे आणि आपली पाळी येण्याची वाट पाहतो आहे.

ओ'डॉनेलने आपल्या फोटोंच्या निगेटिव्ह घरी नेऊन पेटीत घातल्या आणि चाळीसेक वर्षे ती पेटी उघडली नाही. पाहवत नव्हते. तो वारला तोही २००७ च्या ९ ऑगस्टला. २०१७ सरता सरता पोप फ्रान्सिस यांनी तोच फोटो एका साध्या कार्डावर छापवून घेतला, पाठीमागे युद्धाचे फळ एवढ्याच अर्थाचे शब्द आणि खाली आपली सही. मुलाचे दुःख फक्त त्याच्या चावलेल्या, रक्ताळलेल्या ओठांत दिसते, असेही त्या कार्डावर होते. पुढे २४ नोव्हेंबर २०१९ ला ते नागासाकीला गेले तेव्हा हाच फोटो तिथे मोठा करून ठेवला होता.

त्या मुलाचे नाव आजपर्यंत खात्रीने कळलेले नाही. त्याला कोणी विचारले नाही. ओ'डॉनेलनेही नाही, पोपमहोदयांनीही नाही. मग हे योग्य झाले का? मी यावर बराच विचार केला. माझ्या मनाला जे पटते ते असे, की पोपमहोदयांनी तो फोटो कोणाच्या विरुद्ध वापरला नाही. त्या कार्डावर शत्रूचे नाव नाही. ते हातात घेतल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. बोट आपल्याकडेच वळते. पण याची दुसरी बाजूही मला दिसते आणि ती लपवणे बरे नाही. बॉम्ब आभाळातून आपोआप पडत नाही, तो कोणीतरी टाकतो. कर्त्याचे नावच न घेता "युद्ध वाईट" म्हणणे फार सोपे असते. वाचणारा हळहळतो आणि चहाला जातो. ते कार्ड या धोक्यातून पुरते सुटले आहे असे मी म्हणणार नाही. एवढेच की, एका मुलाच्या हुंदक्याचा झेंडा करण्यापेक्षा हा धोका पत्करलेला बरा.

झेंडा कसा होतो, आणि उलटतो कसा, तेही पाहावे. १९४३ च्या वसंतात वॉर्सा शहरातली ज्यूंची वस्ती नाझी सैन्याने जाळून रिकामी केली. सेनाधिकारी स्ट्रोप याने त्या कामाचा एक अहवाल बांधून घेतला, फोटोंसकट, वरिष्ठांना दाखवायला. पराक्रमाचा अल्बमच तो. त्यात टोपी घातलेला, दोन्ही हात वर केलेला एक लहान मुलगा आहे, मागे बंदूकधारी. फोटो काढणाऱ्याच्या मनात त्या मुलाविषयी दया नव्हती. आणि नेमका तोच फोटो पुढे जगभर त्यांच्याविरुद्ध साक्षीदार झाला. मागे उभा असलेला बंदूकधारी ओळखला गेला, त्याच्यावर पूर्व जर्मनीत खटला चालला आणि १९६९ मध्ये त्याला देहदंड झाला. मुलगा मात्र कोण होता हे अजून निश्चित ठरलेले नाही. मारणाऱ्याचे नाव मिळाले, मुलाचे मिळाले नाही.

या सगळ्या मुलांत एक मोठी झाली, बोलली. तिचे म्हणणे ऐकल्यावाचून आपला विचार अपुरा राहील. ८ जून १९७२ ला व्हिएतनाममधल्या त्रांग बांग गावावर, दक्षिण व्हिएतनामच्याच विमानातून नापाम पडले. नऊ वर्षांची किम फुक अंगावरचे जळते कपडे फेकून रस्त्याने धावत सुटली. तो फोटो सगळ्या जगाने पाहिला. तो कोणी काढला यावर अलीकडे, २०२५ मध्ये, वाद झाला. पन्नास वर्षे तो निक उट यांच्या नावावर होता, आता एका संस्थेने ते नाव स्थगित केले आहे, तर त्यांच्या वृत्तसंस्थेने कायम ठेवले आहे. मोठ्यांचे हे भांडण चालू राहो. जखमी मुलीला इस्पितळात निक उट यांनी पोचवले.

किम फुक पुढे ख्रिस्ती झाली, कॅनडात स्थायिक झाली, युद्धात जखमी झालेल्या मुलांसाठी तिने संस्था काढली. मे २०२२ मध्ये ती आणि निक उट पोप फ्रान्सिस यांना भेटले आणि त्या छायाचित्राची प्रत त्यांना दिली. म्हणजे फोटोशी तिची सोयरीक झाली असे वाटेल. परंतु तिने स्वतः लिहिले आहे की लहानपणी तिला त्या फोटोचा राग यायचा, लाज वाटायची. आपण उघड्या, वेदनेने किंचाळणाऱ्या, आणि आपली भावंडे कपड्यांत. आपलाच असा फोटो का काढला, का छापला? मोठी झाल्यावर तिथल्या सरकारने तिला प्रचारासाठी वापरून घेतले, तिचे शिक्षण त्यात अडले. पुढे तिने त्या फोटोचा अर्थ स्वीकारला. आणि तरीही, पन्नास वर्षांनी, मी आता ती मुलगी नाही असे तिला जाहीरपणे सांगावे लागले.

हे वाचले त्या दिवशी मला फार अस्वस्थ वाटले, कारण माझ्या हातूनही एक फोटो झाला होता.

२००६ सालची गोष्ट. आपल्या वऱ्हाडात तेव्हा दररोज कुठून ना कुठून बातमी यायची. कपाशीला भाव नव्हता, खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, पावसावर सगळे अवलंबून, त्यात बियाण्याचे कर्ज. माणसे फवारणीचे औषध पीत होती. त्या वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि अकोला-अमरावतीसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यामागोमाग मुंबई-दिल्लीचे फोटोवाले आले, पुढारी आले, संस्था आल्या. पात्र ठरलेल्या घराला एक लाखाची मदत होती. ती देतानाचा फोटो निघायचा. मधे पुढारी, एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली बाई, पुढे पोरे.

तालुक्यातल्या एका खेड्यात असे एक घर होते. एका संस्थेला मदतीसाठी पत्रक काढायचे होते, आणि ओळख म्हणून मी त्यांना त्या घरी घेऊन गेलो. नऊ वर्षांचा मुलगा अंगणात उभा होता. संस्थेच्या माणसाने सांगितले, वडिलांचा फोटो हातात द्या त्याच्या. भिंतीवरची फ्रेम काढली, नवीनच होती, हार पाडलेला. मुलाने ती पोटाशी धरली. ऊन काचेवर चमकत होते, म्हणून फोटोवाला नीट दिसत नाही म्हणाला. तेव्हा मीच म्हणालो, "बाळा, फोटो जरा वर धर. छातीशी. हां, आता इकडे पाहाय."

पत्रक छापले गेले. पैसे आले, चांगले आले. त्यातून त्या मुलाची आणि आणखी काही मुलांची फी भरली गेली, हे खोटे नाही आणि मी ते मुद्दाम सांगतो. फोटो नसता तर इतके पैसे आले असते का? बहुधा नाही. पुढे निवडणुकीत तोच फोटो एका पक्षाच्या फलकावर दिसला, विरुद्ध बाजूच्या सरकारचे पाप म्हणून. दुसऱ्या पक्षाने तसाच दुसऱ्या घरचा फोटो लावला. बसस्टँडसमोर दोन फलक समोरासमोर, आणि शाळेत जाताना तो मुलगा दोहोंच्या मधून जायचा. मला हे त्या वेळी दिसले नाही असे नाही. दिसले, पण आपण काय करणार, असे म्हणून मी सायकल पुढे काढली.

तो मुलगा मोठा होऊन एकदा माझ्याकडे आला. आता तिशीच्या जवळ आहे, जिनिंगमध्ये कामाला आहे. पत्रक त्याने जपून आणले होते, घड्या पडून मधोमध फाटलेले. रागावलेला नव्हता. म्हणाला, "सर, तुमी भलं केलं आमचं, मी शिकलो. पण शाळेत पोरं मले नावानं हाका नाही मारत होते. 'फोटोवाला' म्हणत. बापाचा फोटो घरी भिताडावर लावला की मले वाटे, कोणी येईन आन् म्हणीन, वर धर." मग जरा थांबून म्हणाला, "बाबाचा दुसरा फोटो नाही सर आमच्यापाशी. एवढा एकच."

मी त्याची क्षमा मागितली. तो "जाऊ द्या सर" म्हणाला. पुढच्या शनिवारी मी पापनिवेदनाला बसलो, पण काय सांगावे ते मला नीट जमले नाही. मी खोटे बोललो नव्हतो, चोरी केली नव्हती, माझा हेतू चांगला होता. फादरांनी ऐकून घेतले आणि विचारले, "त्या वेळी त्याच्या जागी आपला नातू असता, तर काच वर धर म्हणाला असता?" मी नाही म्हणालो. "मग त्यालाच काहून म्हटलं?" म्हणाले. फादर वऱ्हाडचे नाहीत, पण 'काहून' त्यांना आता येते.

त्यानंतर मी दुसऱ्या प्रकारचे फोटो शोधू लागलो. युद्धाच्या, संकटाच्या काळातल्या मुलांचेच, पण जिथे मूल कोणासाठी काही सिद्ध करायला उभे केलेले नाही. असे फोटो आपल्या महाराष्ट्रातच सापडले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पोलंडमधली लाखो माणसे रशियाने सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ नंतर सुटका झालेल्यांपैकी काही बायका-मुले इराणमार्गे भारतात पोचली. जामनगरजवळ बालाचडीला तिथले महाराज दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांना आसरा दिला. मुले त्यांना बापू म्हणत. आणि कोल्हापूरजवळ वळिवडे गावी १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक सगळे कॅथलिक. बराकींची आख्खी वस्ती, त्यात चर्च, शाळा, नाटकमंडळी, मुलामुलींची स्काउट पथके. काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत.

त्या वस्तीतले फोटो मी पाहिले आहेत. वर्ग ओळीने बसला आहे, बाई मधे. गणवेशातली पथके. या मुलांनी बर्फात आईबाप पुरले होते, उपासमार पाहिली होती, आणि फोटोत कोणीतरी शेजारच्याला कोपर मारते आहे, कोणाचे डोळे मिटले गेले आहेत. फोटो पाहून एक पैसा कोणी दिला नसता. पण मूल मूल म्हणून त्यात शिल्लक आहे. आपल्याकडच्या कोणी सांगितले नाही की भूक दिसू द्या. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत घर गमावलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच जागेवर बसवले, तेच आजचे गांधीनगर. दुसऱ्या देशाची, दुसऱ्या धर्माची मुले त्याच बराकींत वाढली. त्यांचेही फोटो कुठल्यातरी घरी असतील.

पोलंडचेच आणखी एक घर, मार्कोवा गावचे उल्मा कुटुंब. योसेफ उल्मा शेतकरी, बागवान, आणि हौशी छायाचित्रकार. कॅमेरा हाती लागला तेव्हापासून घरातलेच टिपत राहिला, बायको विक्टोरिया, अंगणातली मुले, एकामागून एक होणारी. ज्यूंच्या शिकारीच्या काळात या घराने आठ ज्यूंना लपवले. २४ मार्च १९४४ ला पहाटे जर्मन पोलीस आले. लपलेल्यांना मारले, योसेफ आणि विक्टोरियाला मारले, मग सहा मुलांना मारले. थोरली आठ वर्षांची. विक्टोरिया गरोदर होती, सातवे बाळ त्या वेळीच जन्माला येत होते. १० सप्टेंबर २०२३ ला ख्रिस्तसभेने या सगळ्या कुटुंबाला, त्या नाव नसलेल्या बाळासह, धन्यवादित घोषित केले. घरात सापडलेल्या फोटोंपैकी एकावर रक्ताचे डाग आहेत. बाकीचे स्वच्छ आहेत. त्यांत कुठेही मरण नाही. बापाने काढलेले ते फोटो आहेत, आणि बाप पोराला "वर धर" म्हणत नाही. तो म्हणतो हलू नको, आणि पोर हलतेच.

ख्रिस्तसभेने या मुलांना वेदीवर नेले ते याच चेहऱ्यांनी. हे मला फार महत्त्वाचे वाटते. कोणी विचारील, मग नागासाकीचा फोटो उतरवायचा का? किम फुकचा उतरवायचा का? नाही. ते नसते तर मोठी माणसे अजून निर्धास्त झोपली असती. मूल रडताना दिसू नये अशी ज्यांची इच्छा असते त्यांत ते रडवणारेही असतात, हे विसरता येत नाही. पण त्या फोटोंसमोर उभे राहताना मला आता आधी फोटोवाल्याच्या जागी उभे राहावे लागते, आणि त्याच्या शेजारी पत्रक धरून उभा असलेला माणूस ओळखीचा निघतो.

तसबिरी पुसण्याचे काम मी निवृत्त होईपर्यंत मुलांकडेच ठेवले. फक्त एक बदल केला. शिरीषकुमारची तसबीर पुसणाऱ्याने त्या दिवशी त्याच्याविषयी एक प्रश्न फळ्यावर लिहायचा, उत्तर न देता. एकाने लिहिले, त्याला कोणता खेळ आवडत होता? एकीने लिहिले, त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी काय केले?

जिनिंगमधल्या त्या गड्याच्या बाबांचा फोटो आम्ही अकोल्याला नेऊन आणखी दोन प्रती काढून आणल्या, हार न पाडता. एक त्याने पाकिटात ठेवली आहे, एक बहिणीला दिली. हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला संध्याकाळी घरी बोलावून पूर्ण वाचून दाखवला. नाव आणि गाव घालायचे नाही, हे त्याने आधीच सांगितले होते. वाचून झाल्यावर एक वाक्य काढा म्हणाला, त्याच्या आईविषयीचे. ते काढले आहे.